थेंबही न सांडणारं तळं

…तर आकाराम त्या निळ्या पिंपाखालच्या लाल कॉकवर हात ठेवून उकिडवा बसला होता आणि कॉक काही फिरवत नव्हता, इथपर्यंत काल आपण आलो होतो. पायरीवरून माझा पुतण्या वीरधवल ओरडतोय, "अरे फिरव की रं!" त्याची बायको संयोगिता दारात उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय आणि सोडतेय. शेजारच्या धोंडुबाईंचं अर्धं अंग भिंतीच्या अलीकडं. आणि हा गडी, ज्यानं गंजून बसलेले मोटरींचे नट एका हिसक्यात सोडवले, त्याच्या हातून एवढासा प्लॅस्टिकचा कॉक फिरेना.

मला म्हणाला, "तात्या, हात वळत न्हाई ओ."

आता काल जे नव्हते त्यांना वाटेल, कॉक फिरवायचा तर फिरवावा, त्यात काय एवढं? म्हणून जरा मुळापासून सांगतो. ज्यांनी ऐकलंय त्यांनी तोवर चहा घ्यावा.

आकाराम मूळचा माणचा, दहिवडीकडचा. घरात मेंढरं. दिवाळी झाली की बापाबरोबर कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला यायचा. तिथं शेतकरी रात्रीपुरती मेंढरं रानात बसवून घेतात, लेंड्या पडतात, रानाला खत होतं, धनगराला धान्य मिळतं. असं करत करत पोरगा काठावरच्या मोटरींच्या आवाजाला भुलला. खोक्यात बसून फिरणारी ती वस्तू विहिरीतलं पाणी वर कसं काढते, हे बघत तो मेंढरं विसरायचा आणि बापाचा मार खायचा. शेवटी कुपवाडला, जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून देणाऱ्या एका वायंडिंगवाल्याकडं राहिला आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. मी मुलाकडं कुपवाडला राहायला आल्यापासून सकाळी त्याच्याच दुकानात असतो. तांब्याची तार, वार्निशचा वास, चहा आणि बोलायला माणूस. आणखी काय लागतं?

पंप दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडं एक टाकी असते. पंप बरा झाला की त्यात बुडवून चालवून बघायचा. आकारामानं आपल्या टाकीत गप्पी मासे सोडले होते. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याची माणसं देऊन जातात ना, तेच. त्यांचा पसारा वाढला तसा याचा जीव गुंतला. मासे पंपात ओढले जाऊ नयेत म्हणून जाळी केली. पाणी काळं व्हायला लागलं म्हणून बादलीचा फिल्टर केला. मग दुसरा केला, पहिल्यापेक्षा बरा. गिऱ्हाईक मोटरीसाठी खोळंबलंय आणि हा स्पंज पिळत बसलाय, असं मी कैकदा बघितलं.

आणि पाण्याच्या बाबतीत हा माणूस म्हणजे काय सांगू तुम्हाला. याची आई, हरणाबाई, तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची आणि ते पाणी शेळीपुढं ठेवायची. टँकर आला तर पाणी, असे दिवस. त्या घरात वाढलेला हा, पेल्यात उरलेला घोटसुद्धा टाकत नाही. त्याच्या भाचीच्या लग्नातली गोष्ट. कार्यालयात लोक बाटलीतलं अर्धं पाणी पिऊन बाटली तशीच ठेवून उठत होते. हा मामा, फेटा बांधलेला, पंगतीतून त्या अर्ध्या बाटल्या गोळा करत हिंडत होता आणि मागच्या लिंबाच्या बुडात ओतत होता. वरपक्षाच्या एका पाहुण्याला वाटलं हा वाढपीच आहे. म्हणाला, "अरे, बाटल्या राहू दे, जिलबी आण." यानं जिलबी आणून वाढली आणि त्याचीही बाटली उचलली!

तर एक दिवस वीरधवलचा फोन आला. हा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि साताऱ्यात घर बांधून राहिला. ईशान्येकडं असताना तिथल्या मेसच्या बागेत एक तळं होतं. त्यात रंगीत जपानी मासे, कोई म्हणतात त्यांना. ड्युटी संपली की हा तळ्याच्या काठावर उभा राहायचा. आता परसात तसं तळं करायचं म्हणत होता.

"तात्या, कोणी माहीतगार आहे का?"

मी म्हटलं, "आहे. माझ्या समोरच बसलाय, स्पंज पिळतोय."

आकारामाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की जणू कोणी मुलगी बघायला बोलावलंय. दुसऱ्याच दिवशी आम्ही साताऱ्याच्या एस.टी.त.

परसात गेल्या गेल्या सुभेदारानं पहिला प्रश्न विचारला. आपल्या ऊसपट्ट्यातला माणूस दुसरा कुठला विचारणार? "किती एच.पी.ची बसवायची?"

आकाराम म्हणाला, "मोटरीचं शेवटी बघू. आधी घाण कुठनं कुठं जाणार त्ये ठरवू."

आणि विटकरीचा तुकडा घेऊन त्यानं फरशीवरच आकृती काढायला घेतली. तळ्याचा तळ मधे खोलगट, ताटासारखा. घाण घरंगळत मधे येणार. तिथून जाडसर पाइप जमिनीखालून पहिल्या पिंपात. पिंपात पाणी कडेनं शिरणार, म्हणजे ते गोल फिरणार, अगदी हळू, आणि घाण आपोआप मधे तळाशी बसणार. तिथून पाणी दुसऱ्या पिंपात, तिथं ब्रश आणि स्पंज. तिथून तिसऱ्यात. आणि मोटर त्या तिसऱ्याच्या पलीकडं. स्वच्छ झालेलं पाणी तेवढं उचलायचं आणि दगडावरून तळ्यात सोडायचं.

सुभेदाराला हे पटेना. "उलटं आहे हे. आधी मोटर, मग पाइप. आयुष्यभर असंच बघितलंय."

"सुभेदार, मेंढराची लेंडी आख्खी असती तवर हातानं गोळा हुती. एकदा का कळपानं तुडवली, की मातीतनं कोण काढणार? माशाची घाण बी तशीच. तुमी मोटर आधी लावली की ती घाण तुडवणार. आधी लेंडी येचायची, मंग पाणी उचलायचं."

"म्हणजे माझी मोटर मेंढरू?"

"मेंढरू न्हवं ओ. कळप हाय कळप!"

संयोगिता आत चहा करत होती, तिथून तिचं हसू ऐकू आलं. सुभेदार मात्र मनातून हलला नाही. आकाराम बारीक मोटर लावायची म्हणत होता, रात्रंदिवस संथ चालणारी. सुभेदाराला तो आपल्या परसाचा अपमान वाटत होता. म्हणून काय केलं त्यानं, तळं बांधून झालं, पाणी भरलं, आणि आकाराम पाइपाचे तुकडे आणायला कुपवाडला गेला तेव्हा यानं गावाकडून, उसाला पाणी पाजणारी आपली जुनी मोटर आणून जोडली. अजून मासे आलेले नव्हते, हे नशीब.

बटण दाबलं. तिसरं पिंप एका दमात रिकामं! मागून पाणी यायच्या आत मोटर वारा ओढायला लागली, पिंपं खडाखडा नाचायला लागली, आणि दगडावरून हळूच झुळझुळायचं ते पाणी दगड सोडून, कर्दळ सोडून, भिंत ओलांडून पलीकडं. पलीकडं धोंडुबाईंच्या कुरडया वाळत होत्या.

धोंडुबाई भिंतीशी आल्या. अंगावर पाणी, हातात ओली कुरडई. "सुभेदार, तुमची लढाई संपली न्हवं? मंग माझ्या कुरडयांवर मारा कशापायी?"

आकाराम परत आला तेव्हा सुभेदार त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "ती तुझी बारीक मोटर लाव. आणि हे कुणाला बोलू नको."

"आवं, कुणाला बोलू? सगळी कॉलनी तर बगत हुती."

पण नुसता सुभेदारच चुकला असं नाही हं. आकारामाचंही ऐका. दुसऱ्या पिंपात अगदी बारीक गाळ अडावा म्हणून त्यानं घरून जुन्या घोंगडीचा तुकडा आणून बसवला. गाळायला उत्तम! पाणी असं निवळलं की तळाचा खडा मोजून घ्यावा. पण आठवडाभरानं परसात वेगळाच वास सुटला. धोंडुबाईंच्या दोन शेळ्या भिंतीपलीकडून मान वर करून बघायला लागल्या. ओल्या लोकरीचा वास तो, लपतोय कुठं!

संयोगिता म्हणाली, "आकारामभाऊ, तळ्यात मासे सोडायचे आहेत की मेंढरं?"

घोंगडी निघाली, स्पंज बसला. पण आजही विषय निघाला की तो म्हणतो, "वास सोडा, गाळत कसं हुतं त्ये बोला."

तिसऱ्या पिंपात त्यानं वायरिंगच्या नळीचे बारीक तुकडे करून पोतंभर टाकले होते. हे कशाला? तर म्हणे त्या तुकड्यांवर जंतू वस्ती करतात आणि माशांच्या मुतातलं विष खाऊन टाकतात. वसायला त्यांना काही आठवडे लागतात. संयोगिता स्वयंपाकघरात माशी फिरकू न देणारी बाई. ती रोज सकाळी झाकण उचलून विचारायला लागली, "जंतू बरे आहेत ना?"

मग मासे आले. कोल्हापूरकडचा राजवर्धन नावाचा तरुण मासे विकतो. तो पिशव्यांत पाणी आणि हवा भरून घेऊन आला. पिवळे, केशरी, काळे ठिपके असलेले. आणि एक मासा सबंध पांढरा, फक्त डोक्यावर लालभडक गोल टिकली. संयोगितेनं बघताक्षणी त्याचं नाव ठेवलं, सवाशीण. पुढं सवाशीण तिच्या हातचं खायला वर यायला लागली आणि बोटं चोखायला लागली. सुभेदाराला तेवढा मान नव्हता. तो आला की ती तळाशी.

मासे सोडताना संयोगिता म्हणाली, "आकारामभाऊ, जीव आहेत हो हे. सांभाळाल ना?"

आकाराम तिथल्या तिथं बोलून गेला, "वैनी, ह्यातला एक जरी माझ्या कामापायी गेला, तर पुन्हा तळ्याला हात लावणार न्हाई. जन्मभर वायंडिंगच करीन."

मला ते बोलणं आवडलं नाही, कारण मला ठाऊक होतं हा बोलला की करतो. आणि वायंडिंगवरून त्याचं मन केव्हाच उठलं होतं. कुपवाडला परत जाताना एस.टी.त तो सारखं एकच बोलत होता. सांगलीत बंगले किती आहेत, त्यांच्या मागं परसं किती आहेत, आणि तिथं तळी झाली तर आपण दिवसभर पाण्याचं काम करू, तारेचं नको. पोटापुरतं मिळालं तरी पुष्कळ. त्या एका तळ्यावर त्याचं सगळं पुढचं आयुष्य उभं होतं म्हणा ना.

आता त्या तळ्याची खरी खुबी सांगतो, ज्याची आकारामाला सगळ्यात जास्त घमेंड होती. पहिल्या पिंपाच्या तळाशी घाण बसते, बरोबर? सगळ्या जगात ती कॉक उघडून पाण्यासकट गटारात सोडतात. आकारामानं बाहेर जाणारा पाइप ठेवलाच नव्हता! पिंपाखाली जाड कापडाची पिशवी. घाण पिशवीत अडायची आणि खाली गळणारं पाणी बारक्या नळीनं परत तळ्यात. उन्हानं जेवढं उडून जाईल तेवढंच वरून भरायचं, बस. कोणी तळं बघायला आलं की तो मासे दाखवायचा नाही, आधी ही पिशवी दाखवायचा. "बगा, थेंब बी भाईर जात न्हाई."

आणि पाणी आरशासारखं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, सगळं झकास.

मग एक दिवस संयोगितेचा फोन. सवाशीण वर येत नाही. कल्ले भरभर हलवत दगडाशी पडून राहते, पंखांच्या शिरा लाल झाल्यात. बाकीचे मासेही सुस्त. संयोगिता बोलत होती आणि मधेच थांबत होती. नाव सवाशीण ठेवलं ना, तेच आता तिच्या मनाला लागलं होतं. तोंडानं म्हणाली नाही, पण मला कळलं.

आम्ही गेलो. राजवर्धनलाही बोलावलं. आकाराम पालथा पडून पाणी न्याहाळत होता. "पाणी बगा की. काच हाय काच. पाण्याला काय झालंय?"

राजवर्धननं छोट्या नळीत तळ्याचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं. रंग चढत चढत पार लाल झाला. तो पोरगा सभ्य होता, हळूच म्हणाला, "दादा, पाणी कधी बदललं होतं?"

"बदलायचं कशाला? फिल्टर हाय की."

"फिल्टरमधले जंतू विष खातात, पण त्याचंही काहीतरी मागं उरतंच ना. ते दिसत नाही, गाळून निघत नाही. ते साठत जातं आणि मग जंतूही दमतात. थोडं थोडं पाणी दर आठवड्याला बाहेर काढायचं आणि नवीन घालायचं. पाणी शिळं झालंय दादा."

आकाराम ताडकन उठून बसला. "शिळं? आमच्याकडं टँकर आठवड्यानं यायचा. शिळंच पाणी पिऊन वाढलोय. आमी मेलो का?"

राजवर्धन काही बोलायच्या आत भिंतीवरून धोंडुबाईंचा आवाज आला, "आरं पर लेकरा, तुमी त्याच पाण्यात हागत न्हवता न्हवं?"

आकाराम उठून पिंपाकडं गेला.

त्यानं पिशवी काढली. पाइप आणला, पिंपाला जोडला, गटारापर्यंत नेला. नवा लाल कॉक बसवला. एकेक सांधा पुसून, सोल्युशन लावून, जणू स्वतःच्या घराचं काम. राजवर्धन सांगून गेला होता की एकदम नको, रोज थोडं थोडं सोडा आणि बोअरचं पाणी संथ धारेनं भरा. सगळी तयारी झाली. आणि इथं आपण सुरुवातीला होतो तिथं येतो. कॉकवर हात, आणि हात वळत नाही.

"आकाराम, धिस इज ऑर्डर!" सुभेदार म्हणाला.

"ऑर्डर फौजंत. मी वायंडिंगवाला हाय."

"अरे, मासे मरतील!"

"मला कळतंय ओ! कळतंय मला!" मग माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "तात्या, दुकानातल्या टाकीत गप्प्या कशा जगल्या, त्ये आत्ता ध्येनात आलं. पंप चालवून बघताना पाणी भसकन भाईर उडतंय, रस्त्यावर जातंय. आन् मी रोज नवं भरतोय. मला वाटायचं, माझ्या बादलीच्या फिल्टरनं जगल्यात. त्या तर सांडलेल्या पाण्यानं जगल्या."

हे त्याचं त्यालाच उमगलं होतं. आम्हाला कोणालाच ते सुचलं नव्हतं. पण उमगूनही हात कॉकवर तसाच. डोक्याला कळलेलं हातापर्यंत पोचायला वेळ लागतो. ज्या हातांनी जन्मात कधी पाणी गटारात सोडलं नाही, त्यांना एकदम कसं जमेल?

तेवढ्यात संयोगिता दारातून तरातरा आली. हातात बादली. ती आकारामाच्या पुढ्यात आपटली, गटाराकडं जाणारा पाइप उपसून त्याचं तोंड बादलीत केलं आणि म्हणाली, "गटारात जाऊ दे गटार. माझं अळू सुकलंय, त्याला पाणी घालायचंय. घालता का पाणी, का मी नळाचं घालू?"

आकारामानं बादलीकडं बघितलं. अळूकडं बघितलं. आणि कॉक फिरला.

काळपट, फेसाळ, वास मारणारं पाणी बादलीत पडायला लागलं. बादली भरली की संयोगिता उचलायची, दुसरी पुढं सरकायची. अळू झालं, कर्दळ झाली, कढीलिंब झाला. सुभेदारानं पँट वर दुमडली आणि नारळाच्या आळ्यात ओतायला लागला. मी आपला बसल्या बसल्या कुठलं झाड राहिलं ते सांगत होतो. परसातली झाडं संपली, तर धोंडुबाई भिंतीवरून म्हणाल्या, "हिकडं द्या एक घमेलं. माझ्या शेळ्यांचा घास वाळून चाललाय." घास म्हणजे लसूणघास, शेळ्यांसाठी लावलेला.

तिकडं बोअरचं नवं पाणी दगडावरून बारीक धारेनं तळ्यात पडत होतं. आकाराम प्रत्येक बादलीमागं उठून सवाशिणीकडं बघून यायचा आणि परत कॉकपाशी बसायचा.

ती लगेच बरी झाली असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पहिले दोन-तीन दिवस ती होती तिथंच. आकाराम कुपवाडला गेलाच नाही. दुकान बंद. मोटरींच्या गिऱ्हाईकांनी मला फोन करकरून बेजार केलं. तो आपला रोज थोडं पाणी काढतोय, थोडं भरतोय, आणि मधल्या वेळात मासा बघतोय. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, "मासं जेवलं की मी जेवतो." संयोगिता म्हणाली, "भाऊ, ते दिवसभर जेवले नाहीत तर?" तर म्हणे, "तर मी बी न्हाई." शेवटी सुभेदारानं फौजेतला आवाज काढून त्याला पानावर बसवलं.

मग एका सकाळी आम्ही अंगणात चहा घेत होतो आणि संयोगितेची हाक आली, हाक कसली, किंकाळीच. धावत गेलो. ती काठावर गुडघे टेकून बसलेली, हात पाण्यात, आणि सवाशीण तिची बोटं चोखतेय! शिरांची लाली उतरलेली. बाकीची पोरं मागून ढकलाढकली करतायत. सुभेदारानं घाईनं आपलाही हात पाण्यात घातला. सवाशीण तळाशी गेली. म्हणजे पूर्ण बरी झाली म्हणायची!

एकही मासा गेला नाही. आकाराम पिंपाला पाठ टेकून खाली बसला आणि त्यानं चक्क दोनदा चहा मागून घेतला.

पण खरी मजा पुढं. पंधरवड्यात अळूची पानं अशी पसरली की एका पानाच्या वड्या घरादाराला पुराव्यात. नारळानं मान उचलली. धोंडुबाईंचा घास गुडघ्याला लागला. आकाराम त्या घासात उभा राहून पानं चिमटीत धरून बघत होता, आणि एकाएकी मोठ्यानं हसायलाच लागला.

"तात्या, ह्ये तर मेंढरं बसवल्यावानी झालं की ओ! लहानपणापास्नं बगतोय, लेंड्या रानात पडल्या म्हंजी खत. आन् ह्या माशांचं मी कापडात बांधून पुन्हा त्यांच्याच तोंडात घालत हुतो!"

मग त्यानं गटाराकडचा पाइप कापून टाकला. त्याच्या जागी जमिनीखालून एक नळी अळूकडं, एक नारळाकडं, आणि एक भिंतीला भोक पाडून धोंडुबाईंच्या घासाकडं. तीन कॉक. आज याला, उद्या त्याला, उसाला पाळीनं पाणी देतात तसं. सुभेदार रोज सकाळी पाळी बदलतो, आणि एखाद्या दिवशी चुकली तर धोंडुबाई भिंतीवरून पहारा बदलायची आठवण करतात. त्याच पाण्यावर पोसलेल्या शेळीच्या दुधाचा चहा त्या घरी कधी कधी होतो. मी पितो. माशांचा वास येत नाही, विचारायच्या आधीच सांगतो.

आकाराम अजून पेल्यात घोट ठेवत नाही. ते काही जायचं नाही. पण तळ्याचं पाणी काढताना त्याचा हात आता अडखळत नाही. उलट बाहेर पडणारी धार बघत तो मजेत उभा राहतो, गाई पाण्यावर आणलेला माणूस उभा राहतो ना, तसा.

आणि मागच्याच महिन्यातली गोष्ट. सांगलीत विश्रामबागेकडं राजेश्वरी म्हणून एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी कुणाकडं तरी साताऱ्याच्या तळ्याचे फोटो बघितले आणि निरोप धाडला. आकाराम मला घेऊन गेला. नवा शर्ट, केसाला पाणी, पण खिशात टेप आणि पान्हा होताच. बंगल्यामागं मोकळी जागा ऐसपैस. बाईंनी हौसेनं सगळं सांगितलं. इथं तळं, इथं छोटा पूल, इथं दिवे. मासे परदेशातून मागवणार. पंप कुठल्या कंपनीचा घ्यायचा तेही त्यांनी बघून ठेवलं होतं.

आकाराम ऐकत होता, पण बघत भलतीकडंच होता. घराला एक फेरी मारून आला. कंपाउंडच्या कडेनं पाय ओढत गेला, फरशीच्या फटीत बोट घालून बघितलं, पलीकडच्या गल्लीत डोकावला. बाई जरा अस्वस्थ झाल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं.

शेवटी त्यांनी विचारलंच, "काय हो, होईल ना इथं तळं? की जागेत काही अडचण आहे?"

आकाराम म्हणाला, "जागा झ्याक हाय, बाई, तळं बी झ्याक हुईल. पर तुमी सगळीकडं फरशी घातलीया, एक झाड न्हाई, एक शेळी न्हाई. आधी मला येवढं सांगा, माशांचं शिळं पाणी पिणार कोण? कुणीतरी तान्हेलं दावा, मंग पंप आन् फिल्टर कुटं बसवायचा त्ये मी आत्ताच्या आत्ता आखून देतो."